बुरशीने घडवलेली चांदी, आपण उधळलेली चांदी

हरभऱ्याला मर लागली की शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो, ती बुरशी म्हणजे फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम. मुळांतून रोपात शिरायचं, पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवायच्या आणि हिरवंगार रोप उभ्याउभ्या वाळवायचं, हा तिचा धंदा. केळीचा पनामा रोगही हिच्याच भावकीतला. ही बदनाम बुरशी २००३ मध्ये मात्र एका वेगळ्याच कारणाने गाजली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाणच्या एनसीएलमध्ये, अब्सार अहमद, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात ठेवलं. बिनरंगी द्रावण हळूहळू तपकिरी झालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात ५ ते १५ नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण दिसले. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

सूक्ष्मजीवांकडून चांदीचे कण करून घेण्याचा हा पहिला प्रयोग नव्हता. १९९९ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने स्युडोमोनास स्टुट्झेरी नावाच्या जिवाणूच्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक दाखवले होते, त्रिकोणी आणि षटकोनीसुद्धा. हा जिवाणू चांदीच्या खाणीतून वेगळा केलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २००१ मध्ये एनसीएलच्याच गटाने व्हर्टिसिलियम या बुरशीत असे कण तयार झाल्याचं दाखवलं. गंमत म्हणजे एवढी चांदी अंगावर घेऊनही ती बुरशी वाढतच राहिली. पण ते कण पेशीतच अडकलेले होते, ते काढायचे म्हणजे पेशी फोडा, गाळा, धुवा. फ्युझेरियमने ते काम बाहेरच्या बाहेर, द्रावणात केलं, आणि वर आपली प्रथिनं त्या कणांभोवती गुंडाळून दिली, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसले नाहीत. म्हणून या कामाचं महत्त्व.

त्यानंतर महाराष्ट्रात या विषयाचं पीकच आलं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने सडक्या आल्यावरची फ्युझेरियम अॅक्युमिनेटम ही बुरशी घेतली, तिच्याकडून चांदीचे कण करून घेतले आणि ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंवर वापरून पाहिले. २००८ सालचं काम आहे हे. दुसऱ्याच वर्षी या गटाने चांदीच्या नॅनोकणांना जंतुनाशकांची नवी पिढी म्हणणारा आढावा लिहिला, आणि तो जगभर वाचला गेला. विदर्भातल्या एका विद्यापीठाने बुरशी हाताशी धरून जगाच्या नकाशावर नाव उमटवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे जी कुरकुर करणार आहे ती या अभिमानाला धरूनच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी हे मस्कतहून लिहिते आहे, आणि इथे चांदीकडे दुर्लक्ष करणं अवघड आहे. निझवाच्या किंवा मत्राहच्या सूकमध्ये फिरलेल्यांना खंजीर, कडी, ताईत यांची दुकानं आठवतील. त्यातली जुनी चांदी कुठली, तर बऱ्याचदा मारिया थेरेसा थालर वितळवून मिळवलेली. ऑस्ट्रियाच्या महाराणीचं हे नाणं, तिच्या मृत्यूनंतरही कायम १७८० हेच साल टाकून पाडलं जायचं आणि ओमानमध्ये विसाव्या शतकातही बराच काळ चालायचं. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण २३ ग्रॅम.

या एका नाण्यावर थोडं गणित करू. नाण्याचा एकूण पृष्ठभाग जेमतेम २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टाच्या चार-पाच तिकिटांएवढा. आता त्यातल्या चांदीचे १० नॅनोमीटरचे गोल कण केले, तर त्यांचा एकत्रित पृष्ठभाग किती होईल? सुमारे १३०० चौरस मीटर. टेनिसची पाच कोर्टं. चांदी तेवढीच, पण हवेला, पाण्याला आणि जंतूंना भिडणारी बाजू काही लाख पटींनी वाढली. नॅनोकणांची सगळी करामत या एका भागाकारात आहे. आणि प्रयोगशाळेत आपण सिल्व्हर नायट्रेटचं जे नेहमीचं पातळ द्रावण वापरतो, ते या एका नाण्याच्या चांदीत दोनशे लिटरहून जास्त होईल.

चांदी जंतूंना मारते कशी? धातू म्हणून ती तशी आळशी आहे. खरं काम करतो तो चांदीचा आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला चांदीचा अणू. त्याला गंधकाचं भारी वेड. आपल्या देवघरातली समई काळी पडते ती याच ओढीमुळे. जिवाणूच्या प्रथिनांतही गंधक असतं. आयन तिथे जाऊन चिकटतो, विकरं बंद पडतात, पेशीचं पटल गळू लागतं, श्वसनाची साखळी तुटते. नॅनोकण हे बहुतांशी या आयनांचं कोठार असतं, पृष्ठभागावर ऑक्सिजनशी क्रिया होते आणि आयन सुटत राहतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये एक साधा पण फार सुंदर प्रयोग केला. ऑक्सिजन पूर्ण काढून टाकलेल्या वातावरणात त्यांनी हे कण ई. कोलाय जिवाणूंवर वापरले. आयन सुटायला वावच नव्हता, आणि जिवाणूंना जवळजवळ काहीच झालं नाही.

औषध म्हणून चांदी जुनीच. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉ. क्रेडे यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि आईकडून येणाऱ्या संसर्गाने आंधळी होणारी कितीतरी मुलं वाचली. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. भाजलेल्या माणसाच्या अंगावर थापलं जाणारं ते पांढरं मलम, जिल्हा रुग्णालयात कुणाला भेटायला गेला असाल तर तुम्ही पाहिलं असेल. त्याहून चांगली ड्रेसिंग आता आली आहेत आणि त्यांनी जखम लवकर भरते असं अभ्यास सांगतात. पण ती महाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ते पांढरं मलमच येतं. माझ्या मते चांदीबद्दलची कुठलीही चर्चा या वॉर्डातून सुरू व्हायला हवी. ती सुरू होते मोज्यांपासून, हे आपलं दुर्दैव. मोज्यांकडे येतेच, पण आधी आमच्या घरातलं बोलू.

माझ्याकडे परीक्षणासाठी जे शोधनिबंध येतात त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. एखादी वनस्पती किंवा बुरशी घ्या, शक्यतो अजून कुणी न घेतलेली. तिचा अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये घाला. रंग बदलला, फोटो काढा. ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषला जातो, आलेख काढा. सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण दिसले, फोटो काढा. मग पेट्री डिशमध्ये जिवाणू पसरा, त्यात छोटी भोकं पाडून कणांचं द्रावण घाला, भोवती जिवाणू न वाढलेलं कडं मिलिमीटरमध्ये मोजा. शेवटी लिहा की ही पद्धत हरित, स्वस्त आणि पर्यावरणस्नेही आहे. झाला निबंध. जगभरात असे हजारो झाले आहेत आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे.

यात खोटं काही नाही. अडचण अशी की यातून कळतही फारसं काही नाही. ते कडं घ्या. जेलमधून कण नीट पसरत नाहीत, आयन पसरतात. त्यामुळे कडं मोठं आलं याचा अर्थ कण जोरदार आहेत असा नसून द्रावणात न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट शिल्लक आहे, असाही असू शकतो. ते तपासायला तेवढ्याच चांदीचं साधं सिल्व्हर नायट्रेट शेजारी ठेवून पाहावं लागतं, कण गाळून काढल्यावर उरलेलं पाणी वेगळं तपासावं लागतं, आणि नुसता बुरशीचा अर्कही. हे तीन साधे नियंत्रण प्रयोग. निम्म्या निबंधांत त्यातला एखादा तरी नसतो, असं माझं निरीक्षण आहे. शिवाय जिवाणू ज्या सूपमध्ये वाढवतो त्यात मीठ असतं आणि गंधक असलेली प्रथिनंही. दोन्ही चांदीला पकडून ठेवतात. नुसत्या पाण्यात शूर असलेली चांदी घामात, रक्तात, पुवात किंवा आमच्या इथल्या विहिरींच्या मचूळ पाण्यात तितकीच शूर राहील, हे गृहीत धरता येत नाही.

आणि तो ‘हरित’ शब्द. सिल्व्हर नायट्रेट झाडाला लागत नाही, चांदी नायट्रिक आम्लात विरघळवूनच ते करावं लागतं. बुरशी वाढवायला पाच-सात दिवस लागतात, त्याआधी माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायचं, मग थरथरत्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, विजेचं मीटर पळतच असतं. रसायनांनी तेच कण काही मिनिटांत होतात. म्हणजे सूक्ष्मजीवांचा मार्ग वाईट आहे का? अजिबात नाही. त्याची ताकद दुसरीकडे आहे. बुरशी जी प्रथिनं कणांवर गुंडाळते, ती कणाला कसा आकार देतात, किती दिवस टिकवतात, कुठल्या पेशीला चिकटू देतात, हा खरा खजिना. तिथे खणणारे कमी. रंग बदलला की आपण समाधानी. दर वेळी नव्या बुरशीमागे धावण्यापेक्षा एकाच बुरशीला दहा वर्षं धरून बसलेली प्रयोगशाळा मला जास्त मोलाची वाटते. दर वेळी त्याच मापाचे कण देणारी बुरशी हाती आली, तरच कुठलाही औषध नियंत्रक पुढचं बोलणं ऐकून घेईल.

हे झालं आमच्या धंद्याचं. आता जी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते ती सांगते.

खाणीतला तो स्युडोमोनास आठवतोय? तो चांदीचे स्फटिक का करतो? आपल्यावर उपकार म्हणून नक्कीच नाही. चांदीचा आयन विषारी आहे, धातूरूप चांदी त्या मानाने निरुपद्रवी. आयनाला पकडून, इलेक्ट्रॉन देऊन, त्याचा खडा करून टाकला की जीव वाचला. खाणीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जिवाणूने हे शिकून घेतलं. सगळ्याच सूक्ष्मजीवांत कण याच कारणाने होतात असं नाही, फ्युझेरियमच्या बाबतीत नायट्रेट पचवणाऱ्या विकराकडे बोट दाखवलं जातं आणि चांदी त्याच्या वाटेत आयती सापडली असं दिसतं. तरीही मुद्दा उरतोच. ज्या गुणामुळे काही जिवाणू प्रयोगशाळेत आपले कारागीर होतात, त्या गुणाचे भाऊबंद दवाखान्यातल्या जिवाणूंत आले, तर आपलं मलम बाद.

आणि ते आलेले आहेत. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात, साल्मोनेला जिवाणूचा एक प्रकार सापडला, ज्याला सिल्व्हर नायट्रेटने काही होत नव्हतं. १९७५ मध्ये त्यावर निबंध आला. वॉर्ड बंद ठेवावा लागला होता. पुढे १९९९ मध्ये त्या प्रतिकाराची जनुकं उलगडली गेली. उलगडणाऱ्या गटाच्या प्रमुख संशोधकाचं आडनाव चक्क सिल्व्हर, सायमन सिल्व्हर. पेशीच्या आवरणात चांदी पकडून ठेवणारं एक प्रथिन आणि आत आलेली चांदी बाहेर फेकणारे पंप, अशी ती व्यवस्था निघाली. ही जनुकं प्लाझ्मिडवर होती. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी, जी एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. आणि त्याच कडीवर अॅम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांना दाद न देणारी जनुकंही शेजारी बसलेली होती.

म्हणजे एका पिशवीत अनेक कुलपांच्या किल्ल्या. आपण चांदीचं कुलूप लावलं की पिशवी बाळगणारा जिवाणू टिकतो, बाकीचे मरतात, आणि न मागता बाकीच्या किल्ल्याही पसरतात.

ही फक्त बॉस्टनची गोष्ट नाही. पुणे विद्यापीठात बाळू चोपडे यांच्या प्रयोगशाळेतून १९९४ मध्ये एक निबंध आला होता, अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूतल्या चांदीच्या प्रतिकाराबद्दल. प्रतिकार प्लाझ्मिडवर होता आणि तो ई. कोलायमध्ये जाऊ शकत होता. तेव्हा अॅसिनेटोबॅक्टर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आज अतिदक्षता विभागातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या प्रतिजैविकांची सर्वाधिक निकड असलेल्या जिवाणूंची यादी केली, त्यात कार्बापेनेमला न जुमानणारा हाच जिवाणू सर्वांत वरच्या गटात होता. पुण्यात नॅनोचांदीची धूम सुरू व्हायच्या सात-आठ वर्षं आधी, त्याच शहरात चांदीच्या मर्यादेचा पुरावा छापून आला होता. दोन्ही कामं मी शेजारीशेजारी ठेवून वाचायला सांगते. कण करण्यावरचे निबंध त्या दुसऱ्याकडे क्वचितच वळून पाहतात.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. रुग्णांतल्या जिवाणूंत उघड चांदी-प्रतिकार अजून कमीच सापडतो, ही चांगली बातमी. पण एंटेरोबॅक्टर आणि क्लेब्सिएला यांच्या अनेक नमुन्यांत ही जनुकं झोपलेल्या अवस्थेत असतात आणि एखाद्या उत्परिवर्तनाने एका फटक्यात जागी होऊ शकतात, हे २०१५ च्या सुमारास दाखवलं गेलं आहे. नेहमीच्या तपासणीत दवाखाने चांदीची चाचणी करतच नाहीत, त्यामुळे प्रतिकार वाढला तरी आपल्याला उशिराच कळणार.

आता मोजे. वास येऊ नये म्हणून मोज्यांत, बनियनमध्ये, योगाच्या चटयांत, कटिंग बोर्डात, एसीच्या जाळीत, वॉशिंग मशीनमध्ये चांदी घालायची टूम निघाली. इथल्या कुठल्याही हायपरमार्केटमध्ये एक चक्कर मारा, खोक्यावर चांदीचे आयन चमकताना दिसतीलच. आखातातल्या उन्हाळ्यात घामाच्या वासावर उपाय विकणं सोपंच आहे. अॅरिझोनातल्या संशोधकांनी २००८ मध्ये असे मोजे विकत आणून नुसत्या पाण्यात धुतले. काहींतली जवळजवळ सगळी चांदी मोजक्या धुण्यांत निघून गेली, काहींतली मुळीच सुटली नाही. पहिल्या प्रकारात पैसे गटारात, दुसऱ्या प्रकारात चांदी कामालाच येत नाही. गटारात गेलेली चांदी पुढे गंधकाशी मिळून बरीचशी निष्प्रभ होते, म्हणून समुद्रातले मासे मरतील वगैरे मी म्हणणार नाही. पण त्याआधी घराच्या नळीपासून मैलापाण्याच्या टाकीपर्यंत, जिथे कोट्यवधी जिवाणू दाटीवाटीने राहतात आणि किल्ल्यांची देवाणघेवाण करतात, तिथे आपण चांदीचा सौम्य मारा चालू ठेवतो. मारायला अपुरा, शिकवायला पुरेसा. मोज्याचा वास साबणानेही जातो की.

त्याहून वाईट म्हणजे चांदी पिणं. कोलॉइडल सिल्व्हर नावाने बाटल्या विकल्या जातात, आणि कोविडच्या काळात आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवरही त्या फिरल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं होतं की दुकानात विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांना सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. दीर्घकाळ घेतल्यास चांदी कातडीत साठते आणि माणूस कायमचा निळसर-राखाडी होतो. उतरत नाही तो रंग. यावर कुणी रौप्य भस्माचा आणि मिठाईवरच्या वर्खाचा दाखला देतं. वर्ख म्हणजे धातूचा पातळ पापुद्रा, वर्षातून चार वेळा काजूकतलीवर येणारा. बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी म्हणजे अखंड धातू. यांची तुलना रोज चमच्याने प्यायच्या आयनांच्या द्रावणाशी करणं म्हणजे मघाच्या त्या नाण्याची टेनिस कोर्टाशी तुलना करणं.

चांदीचं काम कुठे चोख आहे, हेही सांगायला हवं. २००९ च्या डिसेंबरमध्ये टाटा स्वच्छ हा पाण्याचा फिल्टर बाजारात आला. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले, वीज नको, नळ नको. तुसाच्या राखेचं मूळ काम पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात झालं होतं. जिथे पाणी उकळायला इंधन परवडत नाही तिथे असा फिल्टर जीव वाचवतो. भाजलेली जखम, काही प्रकारच्या नळ्या आणि ड्रेसिंग, असं पाणी. एवढ्याच जागा मी चांदीसाठी राखून ठेवीन. इथे मस्कतच्या फ्लॅटमध्ये नळाला समुद्राचं गोडं केलेलं, क्लोरिन घातलेलं पाणी येतं, तिथे चांदीच्या फिल्टरची गरज काय, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

मस्कतचं नाव या विषयात आणखी एका कारणाने येतं. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२२ ला प्रतिजैविकांच्या प्रतिकारावरची तिसरी जागतिक मंत्रिस्तरीय परिषद इथे भरली आणि मस्कत जाहीरनामा निघाला. २०३० पर्यंत शेती आणि पशुपालनातला सूक्ष्मजीवविरोधी औषधांचा वापर ३० ते ५० टक्क्यांनी कमी करायचा, माणसांसाठी महत्त्वाची प्रतिजैविकं जनावरांची वाढ व्हावी म्हणून वापरणं बंद करायचं, आणि माणसांतल्या वापरात किमान ६० टक्के औषधं साध्या, पहिल्या फळीतली असावीत, अशी तीन लक्ष्यं त्यात आहेत. त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. हा प्रश्न आपल्यासारख्या दोन देशांत ये-जा करणाऱ्यांच्या सामानातूनही प्रवास करतो. नवी दिल्लीचं नाव मिळालेलं एनडीएम-१ हे प्रतिकाराचं विकर ओमानमधल्या रुग्णांतून सापडल्याची नोंद २०११ मध्येच झाली आहे. जाहीरनाम्याच्या त्या तीन लक्ष्यांत चांदी कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच की ती असायला हवी होती, तांबं आणि जस्तासकट. पेनिसिलिन मोज्यात विणायला कुठलाही देश परवानगी देणार नाही. चांदीला मात्र आपण दागिना समजून मोकळं सोडलं आहे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. नॅनोकण एकाच वेळी जिवाणूवर अनेक ठिकाणी हल्ला करतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध प्रतिकार येऊच शकत नाही. किती निबंधांच्या प्रस्तावनेत हे वाक्य जसंच्या तसं आलंय! चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स शहरातल्या गटाने २०१८ मध्ये ते तपासलं. ई. कोलाय आणि स्युडोमोनास यांना पुन्हा पुन्हा चांदीच्या कणांत वाढवलं. काही फेऱ्यांनंतर जिवाणूंनी फ्लॅजेलिन, म्हणजे आपल्या शेपटीचं चिकट प्रथिन, जास्त तयार करायला सुरुवात केली. त्याने कण एकमेकांना चिकटून गोळे झाले, पृष्ठभाग घटला, खेळ संपला. टेनिसची कोर्टं पुन्हा नाणं होऊ लागली म्हणा ना. जनुकात बदलही करावा लागला नाही. कणांवर आणखी आवरणं चढवून उपयोग झाला नाही.

उपयोग कशाचा झाला, तर डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा. त्याने फ्लॅजेलिनचं उत्पादन दबलं आणि कण पुन्हा काम करू लागले. हे वाचलं तेव्हा मला सोलापूर-सांगोल्याच्या बागा आठवल्या आणि लगेच इथला जबल अखदरही. सैक पठारावरची डाळिंबं इथे प्रसिद्ध आहेत, हंगामात भाव ऐकून आपण सोलापूरकर हबकतो. साल मात्र दोन्हीकडे कचऱ्यातच जाते. वनस्पतींचे अर्क घेऊन चांदीचे कण करणाऱ्या हजारो निबंधांपेक्षा, वनस्पतीच्या अर्काने प्रतिकार मोडणारा हा एक निबंध मला जास्त शिकवून गेला, कारण त्यात जिवाणू काय उत्तर देतो ते आधी विचारलं होतं.

या विषयात काम करू पाहणारे विद्यार्थी मला अधूनमधून लिहितात, काही इथून, काही अमरावती-नांदेडहून. त्यांना मी सांगते की पहिल्या तीन महिन्यांत नवी बुरशी शोधू नका. जी आहे तिचे कण घ्या, वर सांगितलेले तीन नियंत्रण प्रयोग करा, आणि मग त्याच कणांत एक जिवाणू तीस दिवस रोज नव्या नळीत टाकत वाढवा. एकतिसाव्या दिवशी त्याला मारायला किती चांदी लागते ते मोजा, आणि सोबत चार प्रतिजैविकंही लावून पाहा.